गळ्यातला हार आणि तारेचे कुंपण

विठोबाच्या गळ्यातला हार नाहीसा झाला आणि तो चोखामेळ्याच्या गळ्यात सापडला. पंढरपुरात शतकानुशतके सांगितली जाणारी ही कथा भक्तीची म्हणून ऐकली जाते. देवाने स्वतः भेट दिली, आलिंगन दिले, हार घातला, असा तिचा अर्थ कीर्तनकार लावतात. पण फौजदारी वकिलाच्या कानाने ऐकली तर याच कथेत एका खटल्याचे बहुतेक टप्पे दिसतात. मुद्देमाल आहे, तो ज्याच्याकडे मिळाला तो माणूस आहे, फिर्यादी आहेत, शिक्षाही आहे. नाही तो फक्त तपास. हार गळ्यात कसा आला, असे विचारतात खरे, पण उत्तर ऐकायला कुणी थांबत नाही. मार बसतो आणि आरोपीला चंद्रभागेपलीकडे घालवले जाते. तिथून चोखोबा आपल्या अभंगात विठ्ठलाला धावा करून बोलावतात आणि विचारतात, की माझा अपराध तरी कोणता?

याचे उत्तर त्या वेळी सगळ्यांना ठाऊक होते. चोखोबा महार होते. हार दुसऱ्या कुणाच्या गळ्यात सापडला असता तर तो तिथे कसा आला हे शोधले गेले असते. इथे शोधण्यासारखे काही उरलेच नव्हते.

चोखोबांचे गाव मंगळवेढे. आजच्या सोलापूर जिल्ह्यातलेच. त्याच गावात पुढे दामाजीपंत झाले. त्यांच्यावरचा आरोप अगदी वेगळ्या जातीचा होता. दुर्गादेवीच्या दुष्काळात माणसे अन्नावाचून मरत असताना बीदरच्या बादशहाची धान्यकोठारे त्यांनी परवानगीवाचून उघडली. कृत्य घडले होते, ते जाणूनबुजून केले होते, कबूलही होते. आख्यायिका सांगते, की विठोबा विठू महाराचे रूप घेऊन बीदरला गेला, धान्याची किंमत दरबारात भरली आणि पंतांची सुटका केली. या दोन कथा शेजारीशेजारी ठेवल्या की मन अस्वस्थ होते. ज्याने कायदा मोडला त्याला सोडवायला देव महार झाला. ज्याने काहीच केले नव्हते तो महार असल्यामुळेच मार खाऊन गेला. दामाजीपंतांची करुणा खोटी ठरत नाही, त्यांची थोरवी कमी होत नाही. पण आरोप कृत्यावर ठेवायचा की जन्मावर, हा न्यायाचा सगळ्यात जुना प्रश्न मंगळवेढ्याने एकाच मातीत दोनदा उभा केला, हे मात्र खरे.

आपली धार्मिक परंपरा या प्रश्नाला एका सुरात उत्तर देत नाही. तिचा एक सूर न्यायाच्या अगदी जवळचा आहे. ज्याचे कर्म त्याचे फळ. वाल्या कोळ्याची गोष्ट मराठी घरातल्या प्रत्येक मुलाला माहीत असते. वाटमारी करून तो ज्यांचे पोट भरत होता, त्या बायकोला आणि मुलांना तो विचारतो, की या पापात तुमचा वाटा आहे का. सगळे नाही म्हणतात. पाप ज्याचे त्याचेच, ते घरात वाटले जात नाही, रक्तातून उतरत नाही. आणि गोष्ट तिथे संपत नाही. वाटमारी करणारा माणूस पुढे वाल्मीकी होतो. म्हणजे गुन्हा हे माणसाचे कायमचे नाव नव्हे, हेही परंपरेने आपणहून सांगून ठेवले आहे. बौद्ध परंपरेत अंगुलिमालाची कथा याच दिशेची आहे. इतक्या माणसांचा जीव घेतलेल्याला बुद्धाने संघात घेतले, आणि जन्माने कुणी हीन ठरत नाही, कर्माने ठरतो, हे तर तथागतांच्या शिकवणीचे मूळच.

दुसरा सूर मात्र याच सिद्धान्ताला उलटा फिरवतो. कर्माचे फळ या जन्मात दिसत नसेल तर ते मागच्या जन्माचे, आणि आजचा जन्म हीच त्याची शिक्षा. एकदा हे मान्य केले की खालच्या ठरवलेल्या जातीत जन्मलेले मूल दोषी ठरूनच जगात येते. त्याचा खटला कुठल्या न्यायालयात चालला, साक्षीदार कोण होते, बचाव कुणी केला, अपील कुठे करायचे, या प्रश्नांना उत्तरच नाही. सर्वात वेदना देणारी गोष्ट अशी, की खुद्द चोखोबांच्या नावावरच्या एका अभंगात पूर्वजन्मी कृष्णाची निंदा घडली म्हणून हा जन्म आला, असा भाव येतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याच तोंडी कबुलीजबाब. कोठडीतल्या माणसाच्या कबुलीजबाबाची किंमत काय असते, हे ज्यांनी न्यायालये पाहिली आहेत त्यांना सांगायला नको. चोखोबांच्या पत्नी सोयराबाई यांनी मात्र ही कबुली दिली नाही. विटाळ देहातूनच उपजतो म्हणता, तर त्यापासून सुटलेला एक तरी देह दाखवा, असा त्यांच्या अभंगाचा रोख आहे. आरोपीच्या बाजूने इतका नेमका युक्तिवाद मराठीत फार थोड्यांनी केला असेल.

हे सगळे जुन्या काळातले, असे म्हणून बाजूला सारता आले असते. पण १८७१ साली इंग्रज सरकारने हाच दुसरा सूर उचलून त्याचा कायदा केला.

क्रिमिनल ट्राइब्ज अॅक्टची मांडणी करताना दिलेला तर्क साधा होता: या देशात विणकराचा मुलगा विणकर होतो, सुताराचा सुतार, तेव्हा गुन्हेगाराचा मुलगाही गुन्हेगारच होणार. तो तर्क किती पोकळ होता हे सोलापूरइतके दुसऱ्या कुठल्या गावाला कळणार नाही. चादरींच्या या शहरात विणकरांची किती मुले आज मागावर बसतात? पण त्या तर्कावर शेकडो जमाती जन्मजात गुन्हेगार ठरल्या. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये कायदा सदस्य होते जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. त्यांनीच तयार केलेला पुराव्याचा कायदा पुढच्याच वर्षी, १८७२ मध्ये आला. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून चालणार नाही, हा आजही टिकलेला मोठा नियम त्यात होता. एका वर्षाच्या अंतराने एकाच सरकारने दोन कायदे केले: एक म्हणतो, सिद्ध झाल्याशिवाय कुणी दोषी नाही, दुसरा म्हणतो, काही जण सिद्ध करण्याआधीच दोषी आहेत. त्या राजवटीला यात विसंगती वाटली नाही. जात मानणाऱ्या समाजालाही वाटली नाही, आणि ती खरी चिंतेची गोष्ट आहे.

१९११ च्या दुरुस्तीनंतर हा कायदा मुंबई इलाख्यात जोमाने लागू झाला आणि सोलापुरात सेटलमेंट उभी राहिली. इलाख्यातल्या मोठ्या वसाहतींपैकी ती एक. कैकाडी, पारधी, टकारी, मांग-गारुडी, भामटे अशा जमातींची कुटुंबे तारेच्या कुंपणाआड आणली गेली. स्टार्ट नावाचे इंग्रज अधिकारी या वसाहतींचे प्रमुख होते. कामातून माणूस सुधारतो यावर त्यांचा विश्वास होता. शहरात कापडगिरण्या होत्या, त्यांना मजूर हवे होते. माणसे कुंपणातून गिरणीत जात आणि गिरणीतून कुंपणात येत. ठरलेल्या वेळी हजेरी, बाहेरगावी जायला पास, बोटांचे ठसे सरकारदरबारी जमा. पासाशिवाय बहिणीच्या लग्नाला गेलेला माणूस पकडला गेला की तो जाणेच गुन्हा ठरे. चोरी नाही, मारामारी नाही. गुन्हा फक्त कुंपण ओलांडल्याचा, आणि कुंपण घातलेले जन्मावरून.

शिक्षेतही भेद होता. नोंदलेल्या जमातीतला माणूस ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरला तर किमान सात वर्षे, तिसऱ्यांदा ठरला तर जन्मठेप काळ्या पाण्याची. संशयास्पद परिस्थितीत नुसता सापडला तरी तीन वर्षांपर्यंत तुरुंग. तेच कृत्य कुंपणाबाहेरच्या माणसाने केले तर त्याला सामान्य कायदा लागे. चोखोबांना हाराबद्दल झालेली शिक्षा आता कलमांच्या भाषेत छापून आली होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत अस्पृश्य, आदिवासी आणि गुन्हेगार ठरवलेल्या जमाती यांना एकत्र मांडले आणि ज्या संस्कृतीतून असे तीन वर्ग निपजले तिलाच जाब विचारला. हा जाब इंग्रजांपुरता नव्हता. कायदा इंग्रजांचा होता. जन्मावरून माणसाची किंमत ठरवण्याची सवय आपली होती.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला. तो दिवस आजही विमुक्त दिन म्हणून पाळतात. पंडित नेहरूंनी सोलापुरात येऊन तारेचे कुंपण तोडले, ही आठवण विमुक्त समाजात अभिमानाने सांगितली जाते. सेटलमेंट हे नाव शहराच्या बोलण्यात अजून आहे. त्या भागात आता शिक्षक राहतात, वकील राहतात, सरकारी नोकर राहतात. तार गेली. संशय गेला का?

कायद्याच्या पुस्तकात आज प्रत्येक आरोपी सारखा. फिर्याद नोंदवायची, घटनास्थळाचा पंचनामा करायचा, अटक केली तर कारण सांगायचे, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करायचे. पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी, साठ किंवा नव्वद दिवसांत दोषारोपपत्र, साक्षी, उलटतपास, निकाल. आणि दोषी ठरला तर शिक्षेवर वेगळी सुनावणी. ही साखळी माणसाच्या बुद्धीने अन्यायाविरुद्ध घातलेला मोठा बांध आहे. तिच्याविषयी आदर वाटलाच पाहिजे. पण तिची पहिली कडी म्हणजे कुणावर संशय घ्यायचा हा निर्णय, आणि तो कुठल्याही कलमात बसत नाही. तो ठाण्यातल्या माणसाच्या मनात होतो. गावात घरफोडी झाली की पालावरच्या माणसांना उचलायचे, ही रीत १९५२ नंतर आपोआप थांबली नाही. त्याच दशकात सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि जुन्या नावांना नव्या नोंदवह्या मिळाल्या. भटक्या माणसाकडे सातबारा नाही, कायमचा पत्ता नाही, ओळखीचा जामीनदार नाही. जामीन मंजूर होऊनही तो आतच राहतो. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार कैदी होते. त्यांपैकी ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे असे. निर्दोष मानावे असे कायदा ज्यांच्याबद्दल सांगतो, तुरुंगात गर्दी त्यांचीच.

संशय जन्मावरून सुरू झाला की पुढे काय होते, याचे महाराष्ट्रातले उदाहरण विसरता येणार नाही. जून २००३ मध्ये पेरूच्या बागेतल्या एका झोपडीवर रात्री हल्ला झाला. पाच जणांचा जीव गेला, अत्याचार झाले. गुन्हा इतका भीषण होता की ऐकणाऱ्याचे रक्त तापावे. भटक्या समाजातल्या सहा मजुरांना अटक झाली. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली. प्रकरण तिथेच संपले असते. पण फेरविचार झाला, जुना निकाल मागे घेतला गेला, आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदाराने पोलिसांच्या फोटोंमधून चार वेगळ्याच माणसांना ओळखले होते, आणि त्या चौघांचा तपास झालाच नव्हता. हे सहा जण भटक्या जमातींतले, गरीब मजूर. त्यांना खोटे गुंतवले गेले असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असे न्यायालयाने नोंदवले. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई आणि तपास बिघडवणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाईचा आदेश दिला. सोळा वर्षे गेली होती. मधल्या काळात फाशी झाली असती तर २०१९ चा निकाल ऐकायला त्यांच्यातले कुणी उरले नसते.

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो प्रामाणिक आहे. ज्यांच्या घरात खून झाला, ज्यांच्यावर अत्याचार झाले, त्यांचे काय? आरोपींच्याच दुःखाचा विचार किती करायचा? उत्तर त्या प्रकरणातच आहे. सहा निरपराध माणसे आत असताना खरे गुन्हेगार सोळा वर्षे बाहेर होते. चुकीच्या माणसाला पकडले की फिर्यादीला न्याय मिळाल्याचा फक्त भास होतो. जातीवर बोट ठेवून तपास आटोपणारा अधिकारी सगळ्यात आधी पीडितांची फसवणूक करतो.

या प्रकरणात तत्त्वाची आणखी एक गाठ आहे, आणि ती नीट सोडवून पाहण्यासारखी आहे. गुन्हा कुणी केला हे ठरवताना आरोपी कोण आहे, कुठल्या घरात जन्मला, हे बघायचेच नसते. बघायचे ते कृत्य आणि पुरावा. शिक्षा किती द्यायची हे ठरवताना मात्र माणूस बघायचा असतो: त्याचे वय, गरिबी, आयुष्य, सुधारण्याची शक्यता. बचन सिंग खटल्यात १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले, की फाशीचा विचार करताना गुन्ह्याइतकाच गुन्हेगारही तोलला पाहिजे. नव्वदच्या दशकात रावजी प्रकरणाच्या निकालाने ही वाट सोडली आणि फक्त गुन्ह्याचे स्वरूप पाहावे असे म्हटले. तीच वाट चुकीची होती हे मे २००९ मध्ये महाराष्ट्रातल्याच बरियार खटल्यात न्यायालयाने दाखवून दिले, त्या सहा जणांना फाशी सुनावल्यावर दोन आठवड्यांच्या आत. त्या मजुरांच्या वाट्याला सगळे उलटे आले. जिथे माणसाकडे पाहायचे नव्हते, त्या तपासात त्यांचा जन्म पाहिला गेला. जिथे पाहायचे होते, त्या शिक्षेच्या वेळी त्यांच्याकडे पाहिले गेले नाही. अधर्म म्हणतात तो हाच.

दुसरे काही शक्य होते का? होते, आणि ते सोलापूरच्या हद्दीला लागूनच घडले. सांगोल्याच्या पलीकडे आटपाडी तालुका, त्या काळी औंध संस्थानात. मॉरिस फ्रीडमन या पोलिश ज्यू अभियंत्याच्या प्रेरणेने औंधच्या राजांनी १९३९ साली तिथे स्वतंत्रपूर वसवले. खुनासारख्या गुन्ह्यात शिक्षा झालेले कैदी तिथे भिंतीवाचून राहिले, शेती करू लागले, बायकामुलांना घेऊन संसार करू लागले. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' याच प्रयोगावरून सुचला. स्वतंत्रपूर वसले त्याच वर्षांत सोलापुरात निरपराध मुले तारेआड जन्मत होती आणि आटपाडीत दोषी ठरलेली माणसे उघड्या माळावर मोकळी झोपत होती. एका ठिकाणी कृत्य न पाहता माणूस बांधला होता, दुसऱ्या ठिकाणी कृत्य पुरते मान्य करून माणूस सोडवला होता. वाल्याच्या गोष्टीवर ज्यांची खरी श्रद्धा आहे, त्यांनी यातली आपली जागा कुठली हे स्वतःला विचारावे.

विमुक्त समाजांनी आपल्या जातपंचायतींकडेही याच नजरेने पाहायला हवे, हे बोलायचे टाळता कामा नये. पोलीस आणि कोर्ट यांवरचा विश्वास उडालेल्या समाजाने आपला न्याय आपल्याकडे ठेवला, हे समजण्यासारखे आहे. पण तिथेही एकाच्या चुकीसाठी अख्ख्या घराला वाळीत टाकले जाते, बाईच्या चारित्र्याची परीक्षा दिव्य करून घेतली जाते. रक्तावरून दोष ठरवण्याची तीच सवय. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा २०१७ पासून लागू आहे, आणि त्याचा आधार सर्वात आधी याच समाजांतल्या बायकांना मिळायला हवा.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. मुंबईच्या या पत्रकाराने तुरुंगांत जातीवरून कामे कशी वाटली जातात हे शोधून लिहिले होते: झाडू आणि संडास कुणाकडे, स्वयंपाक कुणाकडे. काही राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत विमुक्त जमातींना अजूनही सवयीचे गुन्हेगार धरले जात होते. ते नियम घटनाबाह्य ठरले. कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश झाला. विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होणार नाही याची काळजी घ्या, असे पोलिसांना बजावले गेले.

न्यायालयाला जे करता येते ते इतकेच. बाकीचे काम शहराचे आहे. घरफोडीत चौघे सापडले की सोलापूरच्या वर्तमानपत्रांनी मथळ्यात त्यांची जमात छापू नये. कृत्य छापावे, आरोप छापावा, आणि निर्दोष सुटले तर तेही तितक्याच ठळक अक्षरांत छापावे. ठाणेदारांनी अटकेच्या नोंदीत संशयाचे कारण लिहिताना जात सोडून दुसरे काही लिहिता येते का, हे स्वतः तपासावे. वकील संघाने पालावरच्या माणसाच्या रिमांडला पहिल्याच दिवशी एक वकील उभा राहील अशी व्यवस्था लावावी. आणि कीर्तनकारांनी चोखोबांच्या हाराची कथा सांगताना त्या प्रकरणात तपास झाला नव्हता, हेही श्रोत्यांना सांगावे.